प्रत्यक्ष रस्त्यावरील कारचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन : मॉडेल उभारणीच्या नोंदी (छत्रपती संभाजीनगर, २०२५)

९ फेब्रुवारी २०२५ : काय मोजायचे आणि कशाने

माहितीपत्रकातील मायलेज आणि रस्त्यावर मिळणारा ॲव्हरेज यांत अंतर असते, हे प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. ते अंतर चढामुळे पडते, सिग्नलमुळे, एसीमुळे की वेगामुळे, याचा सेकंदागणिक हिशेब मांडण्यासाठी आम्ही हे काम हाती घेतले आहे. आम्ही म्हणजे मी आणि अभियांत्रिकी पदविकेचे माझे दोन विद्यार्थी. शेवटी हवे आहे ते असे मॉडेल, ज्याला केवळ मोबाईलमधील वेग आणि उंची दिली की त्या फेरीत किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला हे सांगता येईल.

आपल्याकडे गाडीचा अधिकृत आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढला जातो. त्यासाठीची मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल ११८० सेकंदांची आहे आणि तिचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. तिच्यात ना चढ आहे, ना वारा. १ एप्रिल २०२३ पासून भारत स्टेज ६ च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी आली, पण तिथे मर्यादा नायट्रोजन ऑक्साइड आणि कणसंख्येवर आहे. कार्बन डायऑक्साइडची ११३ ग्रॅम प्रति किलोमीटर ही मर्यादा कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरीला लागू होते आणि ती प्रयोगशाळेतील आकड्यांवरच तपासली जाते.

धुराड्याला जोडायचे फिरते मापनयंत्र आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र इंजिनात गेलेला जवळजवळ सगळा कार्बन धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो, त्यामुळे इंधन अचूक मोजता आले तर उत्सर्जनही मोजता येते. गाडी २०२१ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, हाताच्या गिअरची हॅचबॅक असून दोन माणसांसह तिचे वजन सुमारे १००० किलो धरले आहे.

१६ फेब्रुवारी २०२५ : डोंगल

ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातील आकडे वाचण्याच्या जोडणीत) बसणारे, ईएलएम ३२७ या चिपच्या नकलेचे पाचशे-सहाशे रुपयांचे ब्लूटूथ डोंगल आणले होते. वेग, आरपीएम, इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील) दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, फ्युएल ट्रिम (संगणक इंधनाच्या मात्रेत करतो ती दुरुस्ती) असे सगळे एकदम मागितले की एका फेरीला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी गतिरोधक ओलांडून पुन्हा वेग घेते. अडीच हजारांच्या आसपासचे दुसरे डोंगल घेतले. आरपीएम, दाब आणि वेग दर फेरीला, तर तापमान आणि ट्रिम दर दहाव्या फेरीला, अशी मागणीची विभागणी केल्यावर सेकंदाला दोन नोंदी मिळू लागल्या. त्यापूर्वीच्या साऱ्या फेऱ्यांच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या.

या गाडीत हवेचा प्रवाह थेट मोजणारा सेन्सर नाही आणि इंधनाचा दर सांगणारी ५ई क्रमांकाची पीआयडीही (ओबीडीकडून एकेक आकडा मागण्याचा संकेतांक) ती देत नाही. आपल्याकडील अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांची हीच स्थिती आहे. त्यामुळे दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून हवा काढायची आणि हवेवरून इंधन काढायचे, हा एकच मार्ग उरतो.

२ मार्च २०२५ : पंपाशी ताळा

इंधनाचा खरा आकडा पंपावर मिळतो. एकच पंप, एकच नोजल, सकाळची वेळ आणि पहिल्या ऑटो कटला, म्हणजे नोजल आपोआप बंद होताच, थांबणे, एवढे नियम ठरवले आहेत. छोट्या अंतरावर हा ताळा घेण्यात अर्थ नाही, कारण ऑटो कट अर्धा-पाऊण लिटर मागेपुढे होतो. टाकी बरीचशी रिकामी झाल्यावरच पावती हिशेबात धरायची.

पहिल्या ताळ्यात डोंगलवरून काढलेले लिटर पावतीपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी भरले. ही तूट ऑटो कटच्या फरकात बसत नाही आणि पुढच्या टाकीलाही ती तितकीच आली.

९ मार्च २०२५ : इथेनॉल

या नोंदीवर थोडे रेंगाळतो, कारण इंटरनेटवर सापडणारी बहुतेक सूत्रे याच जागी वापरणाऱ्याला चकवतात.

त्या सूत्रांत हवा आणि इंधनाचे वजनी प्रमाण १४.७ धरलेले असते. ते शुद्ध पेट्रोलचे आहे. आता पंपावर मिळते ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने त्याला हवा कमी लागते. त्याचे प्रमाण ९ आहे, आणि २० टक्के मिश्रणाचे सुमारे १३.५ येते. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन अधिक जळते. पावतीवरची तूट इथेच होती.

म्हणून सूत्रात १३.५ घातले. लिटर जुळले, पण आता कार्बन डायऑक्साइड फुगला. कारण प्रति लिटर २.३१ किलो हा गुणकही शुद्ध पेट्रोलचाच आहे. एक लिटर इथेनॉल जळले की सुमारे १.५१ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे मिश्रणाचा गुणक ०.८ गुणिले २.३१ अधिक ०.२ गुणिले १.५१, म्हणजे सुमारे २.१५ येतो. दोन्ही गुणक बदलल्यावर जे दिसले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे : १ किलो हवेमागे निघणारा कार्बन डायऑक्साइड शुद्ध पेट्रोललाही सुमारे ०.२१ किलो आणि मिश्रणालाही सुमारे ०.२१ किलोच आहे. म्हणजे दोन्ही जुने गुणक ठेवले तर लिटर चुकतात पण कार्बन डायऑक्साइड बरोबर येतो, दोन्ही नवे घेतले तर दोन्ही बरोबर येतात, आणि एकच बदलला तर उत्सर्जनाचा आकडा सात-आठ टक्क्यांनी बिघडतो. ज्यांना ही जुळणी करायची आहे त्यांनी दोन्ही गुणक एकाच वेळी बदलावेत.

टाकीत खरोखर किती इथेनॉल आहे, हे मोजपात्रात पाहता येते. ९० मिलिलिटर इंधनात १० मिलिलिटर पाणी घालून हलवले आणि स्थिर होऊ दिले की इथेनॉल पाण्यात उतरते व खालचा थर वाढतो. २० टक्के मिश्रणाला तो २८ मिलिलिटरच्या आसपास जातो. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे.

इथेनॉलमधील कार्बन ऊस किंवा मक्याने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो मोजू नये असे एका विद्यार्थ्याचे म्हणणे होते. तो हिशेब महत्त्वाचा आहे, विशेषतः मराठवाड्यात, जिथे उसाच्या पाण्याचा प्रश्न त्याला चिकटलेला आहे. पण तो वेगळा मांडला पाहिजे. इथे आम्ही धुराड्यातून निघेल ते सगळे धरतो.

ट्रिमबद्दलही एक सूचना. हवेवरून इंधन काढताना त्याला फ्युएल ट्रिमने पुन्हा गुणू नये. गरम इंजिनात संगणक मिश्रण योग्य प्रमाणावर आणूनच ठेवतो, त्यामुळे ट्रिमचा परिणाम त्यात आधीच आलेला असतो.

२३ मार्च २०२५ : उभी गाडी

एकूण लिटर जुळत होते, पण शहरातील फेऱ्यांत आकडा जास्त आणि जालना रस्त्यावरील मोकळ्या फेऱ्यांत कमी येत होता. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. सिलिंडर किती भरतो याचा गुणक, ज्याला व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी म्हणतात, आम्ही सगळीकडे ०.८५ धरला होता. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असतो आणि हा गुणक ०.६५ पर्यंत खाली येतो. ७५० आरपीएम आणि ३३ किलोपास्कल दाबाला ०.८५ धरले तर ताशी ०.८ लिटर येतात, ०.६५ धरले तर ताशी ०.६ लिटर.

खरे कोणते हे ठरवण्यासाठी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी इंधनाची नळी सोडवून बाहेरच्या मोजपात्रातून पुरवठा देण्याची सोय केली आणि गाडी बराच वेळ आयडलिंगला ठेवली. ०.६ च्या आसपासच आकडा आला. हे काम जाणकार मिस्त्रीशिवाय कोणी करू नये. नळीत दाब असतो. आता हा गुणक दाब आणि आरपीएम यांच्या छोट्या तक्त्यातून घेतो.

ताशी ०.६ लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे २१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि त्या मिनिटात अंतर शून्य. म्हणून मॉडेलचे उत्तर प्रति किलोमीटर ठेवता येत नाही. ते प्रति सेकंद काढून फेरीच्या शेवटी अंतराने भागावे लागते. क्रांती चौक ते सिडको या टप्प्यात सरासरी वेगावर आधारलेले आमचे पहिले मॉडेल कोलमडले ते यामुळेच. मधल्या सिग्नलांवर गाडी किती वेळ उभी होती, हे सरासरी वेग सांगत नाही.

६ एप्रिल २०२५ : वेग आणि उंचीचा गोंगाट

ओबीडी वेग पूर्णांकात देते. एका सेकंदात तो आकडा १ ने बदलला की प्रवेग ०.२८ मीटर प्रति सेकंद वर्ग दिसतो आणि १००० किलोच्या गाडीला तो २८० न्यूटन होतो. ताशी ४० च्या वेगाला सपाट रस्त्यावर गाडीला लागणारे एकूण बलच सुमारे १६० न्यूटन असते, म्हणजे हा गोंगाट मूळ राशीहून मोठा आहे. त्यामुळे वेग मोबाईलच्या जीपीएसवरून घेतला, काही सेकंदांच्या खिडकीत तो सौम्य केला आणि जीपीएस व ओबीडी यांच्या घड्याळांतील सेकंदभराचा फरक दोन्ही वेगरेषा एकमेकींवर सरकवून काढला. हा फरक न काढल्यास इंजिन जोर लावते एका क्षणी आणि गाडी वेग घेते दुसऱ्याच क्षणी असे दिसते, आणि कोणतेही समीकरण त्यात बसत नाही.

जीपीएसची उंची निरुपयोगी ठरली. एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातील रडारने बनवलेला, उंचीचा नकाशा वापरला, तर तो फेब्रुवारी २००० मधील मोजणीचा आहे. नंतर झालेले भराव, पूल आणि कापलेल्या टेकड्या त्यात नाहीत. शेवटी मोबाईलमधील दाबमापक उपयोगी पडला. आपल्या उंचीवर १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ९ मीटर. काच उघडली की गाडीतील दाब लगेच बदलतो आणि मॉडेलला रस्त्यात नसलेला चढ दिसतो, म्हणून काचा बंद आणि ब्लोअर एकाच आकड्यावर ठेवायचा. दिवसभरातील हवामानाच्या दाबाचा बदल तेवढा एसआरटीएमवरून दुरुस्त करतो.

२० एप्रिल २०२५ : कन्नडचा घाट

आतापर्यंतचे सगळे रस्ते बऱ्यापैकी सपाट होते, म्हणून औट्रम घाटात गेलो. कन्नडकडून चाळीसगावकडे उतरायचे आणि परत चढायचे.

आधी गणित. ५ टक्के चढावर ताशी ४० च्या वेगाने जाताना १००० किलोच्या गाडीला केवळ चढासाठी ५.४ किलोवॅट लागतात. त्याच वेगाला सपाटीवर एकूण लागतात १.८ किलोवॅट. म्हणजे चाकांवरची शक्ती चौपट होते. उत्सर्जन चौपट होत नाही, कारण इंजिनाचे स्वतःचे घर्षण दोन्हीकडे द्यावेच लागते. आमच्या मोजणीत सपाटीचे प्रति किलोमीटर ९० ग्रॅम चढावर २२० च्या घरात गेले.

चढ मॉडेलला नीट जमला, पण उतरण बिघडली. गिअरमध्ये उतरताना एक्सलेटरवरचा पाय काढला की संगणक इंधन पूर्ण बंद करतो. इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतच राहते आणि हवा ओढत राहते. आमचे सूत्र त्या हवेवरून इंधन काढून दर सेकंदाला अर्ध्या ग्रॅमहून अधिक खोटा कार्बन डायऑक्साइड लिहीत होते, आणि घाट उतरायला लागतात कित्येक मिनिटे. शहरातही प्रत्येक सिग्नलकडे जाताना हेच थोडेथोडे घडत होते, पण तिथे ते लपून राहिले. आता थ्रॉटल बंद, आरपीएम १३०० च्या वर आणि गाडी गिअरमध्ये, अशा तिन्ही अटी पुऱ्या झाल्या की इंधन शून्य धरतो. ही आरपीएमची सीमा प्रत्येक गाडीला वेगळी असते आणि ती ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यावरून ओळखता येते. इंधन तुटताच तो एकदम तळाला जातो.

मिस्त्रींनी निघतानाच बजावले होते, "सर, उतारावर न्यूट्रल करू नका, गिअरातच उतरवा." त्यांचा भर ब्रेक तापण्यावर होता आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहेच. उत्सर्जनाच्या हिशेबानेही ते बरोबर आहे : न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगचे इंधन जाळत राहते, गिअरमध्ये काहीच जाळत नाही.

११ मे २०२५ : ऊन आणि एसी

दुपारी उन्हात उभी केलेली गाडी सुरू केली की इनटेकमधील तापमान साठीच्या वर दिसते. सेन्सरची बैठक तापलेली असते, आत येणारी हवा तेवढी तापलेली नसते. त्या पाच-दहा मिनिटांत हवा विरळ धरली जाते आणि इंधन कमी येते. या काळात बाहेरच्या तापमानावरून हळूहळू सेन्सरच्या आकड्याकडे जाणारी रेषा वापरतो.

एसीने आयडलिंगचा खप ताशी ०.६ वरून ०.९५ लिटरच्या आसपास गेला. हा जादा खप सेकंदाला सुमारे ०.२१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड देतो आणि तो वेळेशी बांधलेला आहे, अंतराशी नाही. ताशी २० च्या सरासरीने शहरात एका किलोमीटरला १८० सेकंद लागतात, म्हणजे एसीचे सुमारे ३८ ग्रॅम. ताशी ८० ने ४५ सेकंद लागतात, म्हणजे दहाच्या आत. एसी महामार्गावर लावायचा की गावात, या वादाचे उत्तर या भागाकारात आहे. अर्थात मे महिन्यात बेचाळीस अंशांना मुकुंदवाडीच्या कोंडीत लहान मूल घेऊन बसलेल्या माणसाला एसी बंद कर असे सांगण्याचा अधिकार या आकड्याने कोणाला मिळत नाही. कोंडी कमी करणे हाच तिथला उपाय आहे.

१५ जून २०२५ : वारा

जालन्याकडे जाताना मॉडेल उत्सर्जन जास्त सांगते आणि परत येताना कमी, असा कल मेअखेरपासून दिसू लागला. उंचीचा फरक आधीच हिशेबात होता. उरला पश्चिमेचा वारा. ताशी ८० ला गाडीवर हवेचा विरोध सुमारे १७६ न्यूटन आणि टायरचा ११८. समोरून ताशी २० चा वारा असेल तर हवेला गाडी शंभरने चालल्यासारखी भासते, विरोध २७५ वर जातो आणि एकूण बल एकतृतीयांशाने वाढते. चिकलठाणा विमानतळाच्या हवामान नोंदींतील वाऱ्याचा वेग व दिशा घेऊन रस्त्याच्या दिशेतील घटक समीकरणात घातला. फरक निम्म्याहून कमी झाला, पूर्ण गेला नाही. दहा मीटर उंचीवर मोजलेला वारा आणि बाभळींच्या रांगेमागचा वारा एक नसतात.

हवेची घनताही स्थिर धरू नये. शहराच्या सुमारे ५७० मीटर उंचीवर ४० अंशांना ती १.०५ किलो प्रति घनमीटर असते, हिवाळ्याच्या सकाळी १५ अंशांना १.१५.

६ जुलै २०२५ : मॉडेल कोणते

दोन मॉडेल समोरासमोर ठेवली. पहिले रँडम फॉरेस्ट, म्हणजे नोंदींवरून शिकलेल्या अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारी पद्धत. दुसरे साधे भौतिक समीकरण : प्रति सेकंद उत्सर्जन म्हणजे इंजिन नुसते फिरत ठेवण्याचा खर्च अधिक चाकांवरच्या प्रत्येक किलोवॅटमागे ठरावीक खर्च.

विद्यार्थ्यांनी सगळे सेकंद पिसून त्यांतले काही तपासणीसाठी बाजूला काढले, तेव्हा रँडम फॉरेस्ट फारच सरस दिसले. पण शेजारचे दोन सेकंद जवळजवळ सारखेच असतात. एक शिकवण्यात आणि एक तपासणीत गेला तर ती तपासणी राहत नाही. संपूर्ण फेरीच्या फेरी बाजूला ठेवून पाहिल्यावर दोघांतला फरक मिटला, आणि घाटाच्या फेऱ्या शिकवण्यातून पूर्ण काढून मग घाट विचारला तेव्हा रँडम फॉरेस्ट चढावर फार कमी सांगू लागले. त्या पद्धतीला शिकताना पाहिलेल्या कमाल आकड्यापलीकडे जाताच येत नाही. समीकरणाला तो घाट बऱ्यापैकी जमला.

म्हणून समीकरण ठेवले आहे. या गाडीसाठी प्रत्येक किलोवॅटमागे सेकंदाला सुमारे ०.२२ ग्रॅम, आणि इंजिन फिरत ठेवण्याचे आयडलिंगला ०.३७ पासून महामार्गावर ताशी ८० ला ०.९ ग्रॅमपर्यंत. यावरून गतिरोधकाची किंमतही काढता येते : ताशी ५० वरून थांबून पुन्हा ५० गाठायला ९६ किलोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम, साधारण २०० मीटर सरळ चालण्याइतके.

२७ जुलै २०२५ : समृद्धी

सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढून जालन्यापर्यंत एकदा ८० ने आणि एकदा १२० ने जाऊन आलो. १२० ही तिथली कारची वेगमर्यादा आहे. ताशी ८० ला मॉडेलने प्रति किलोमीटर १०४ ग्रॅम सांगितले, १२० ला १५३. डोंगलवरून, संगणकाने मागितलेले हवा-इंधनाचे प्रमाण धरून काढलेले आकडे ८० ला जवळ आले, १२० ला मात्र दहा-बारा ग्रॅमनी जास्त. कारण नोंदीत सापडले : मोठ्या वेगात चढ आला की संगणक मुद्दाम इंधन जास्त देतो आणि प्रमाण १३.५ राहत नाही. त्याने मागितलेले प्रमाण ४४ क्रमांकाच्या पीआयडीवर मिळते. ते आता दर फेरीला मागतो. अशा जादा इंधनातला काही कार्बन कार्बन मोनॉक्साइड होऊन जातो, तो भाग या पद्धतीत कार्बन डायऑक्साइडमध्येच मोजला जातो.

इथे एसआरटीएम पूर्ण बंद ठेवावा लागतो, कारण त्या मोजणीच्या वेळी हा रस्ताच नव्हता.

१७ ऑगस्ट २०२५ : डिझेल गाडी

एका परिचितांची डिझेल गाडी तपासायला मिळाली. हवेवरून इंधन काढण्याची पद्धत तिथे चालत नाही, कारण डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवा घेते आणि जोर इंधनाच्या मात्रेने ठरतो. ही गाडी ५ई पीआयडी देते. तो दर आणि लिटरमागे सुमारे २.६८ किलो हा गुणक वापरला की पुढचे समीकरण तेच राहते, फक्त त्यातले दोन्ही गुणक (इंजिन फिरत ठेवण्याचा आणि प्रत्येक किलोवॅटमागचा) नव्याने बसवावे लागतात. पंपाच्या ताळ्यासाठी अजून एक टाकी जायची आहे. ज्यांच्या डिझेल गाडीत ही पीआयडी नाही त्यांनी डोंगलवर खर्च करण्याआधी गॅरेजच्या स्कॅनरवर इंजेक्शनची मात्रा दिसते का ते पाहावे. ती दिसत असेल तर आरपीएमशी गुणून दर काढता येतो.

पेट्रोल गाडीचे गुणक, व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सीचा तक्ता आणि इंधन तुटण्याच्या अटी एका सीएसव्ही फाइलमध्ये ठेवल्या आहेत. दुसऱ्या गाडीला ती फाइल जशीच्या तशी लावू नये. आधी आयडलिंग, मग एक घाट, मग टाकी ते टाकी ताळा, या क्रमाने आपले आकडे बसवावेत.